नावाची जागा मोकळी ठेवा

“ताई, पाळणा पाहिजे होता,” शेजारच्या वहिनी कुंपणापलीकडून म्हणाल्या आणि त्याच दमात, “कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या तोडू का?” असंही विचारून मोकळ्या झाल्या.

“लाकडी की लोखंडी?” मी मुद्दामच विचारलं.

“अहो, म्हणायचा! बारशाचा! नदीचं पाणी उतरलं की बारसं उरकून घेऊ म्हणतात व्याही. तुम्ही लिहून द्यायचा बरं का. आमचं त्या वकिलीणबाईंसारखं नको व्हायला.”

वकिलीणबाईंचं काय झालं ते अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. तरी वहिनींनी ते पुन्हा सांगितलं आणि मीही पहिल्यांदाच ऐकतेय असा चेहरा केला. कुंपणावरच्या गप्पांचा तो नियमच आहे. नातीच्या बारशाला बाईंनी बाजारातून पाळण्यांचं छापील पुस्तक आणलं. त्यात एक रामाचा, एक कृष्णाचा, एक शिवरायांचा. मुलीचा एकही नाही. ऐन वेळी कृष्णाचाच धरला. पाळण्यात गुलाबी कुंचीतली नात आणि भोवती बायका म्हणतायत देवकी, वसुदेव आणि कंसाचा तुरुंग! मुलीचा बाप बँकेत मोठ्या हुद्द्यावर, त्यात त्याच्या शाखेत नुकतीच कसलीशी चौकशी बसलेली. तुरुंगाचं नाव निघाल्यावर व्याहीबुवांचं तोंड जे उतरलं ते घुगऱ्या वाटून झाल्या तरी उतरलेलंच.

“तेव्हा लिहूनच द्या,” वहिनी म्हणाल्या. “पण ताई, तुम्हाला हे सुचतं तरी कसं हो? आम्हाला वाणसामानाची यादी सुचत नाही.”

हा प्रश्न मला नवा नाही. गल्लीत कुणाचं लग्न निघालं की मंगलाष्टकं, सातवा महिना लागला की डोहाळे, कुणी निवृत्त झालं की निरोपाचं गाणं, असं सगळं माझ्याकडे येतं. मानधन म्हणून ब्लाउजपीस. कपाटात त्यांची एक वेगळी चळत आहे; एकाचाही रंग माझ्या कुठल्या साडीला चालत नाही. आणि प्रत्येक ब्लाउजपीसमागे हा प्रश्न ठरलेला : सुचतं कसं?

“सुचत नाही,” मी म्हटलं. “विचारावं लागतं. थांबा, चष्मा आणते.”

चष्मा, पेन आणि कॅलेंडरचं फाडलेलं पान घेऊन आले आणि पाठकोऱ्या बाजूवर वहिनींची उलटतपासणी सुरू केली. नात झाली तेव्हा घरात कोण कुठे होतं? पहिल्यांदा कुणी पाहिलं? ती कुणावर गेलीय असं कोण म्हणतं आणि ते कुणाला पटत नाही? कशाला दचकते? तेल कोण लावतं? वहिनी आधी म्हणाल्या, “त्यात काय सांगायचं, चारचौघींसारखंच झालं.” मग बोलायला लागल्या त्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरल्या.

नात झाली त्या रात्री कृष्णेचं पाणी वाढत होतं. 2019 च्या पुराने पोळल्यापासून सांगलीकरांना पावसाळ्यात एकच प्रश्न सुचतो, “आयर्विनला किती झालं?” आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा आणि 45 ला धोका, हे आकडे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी पाठ होतात. वहिनींचा धाकटा तासातासाला पुलावर जाऊन पाणी बघून यायचा आणि दवाखान्यात येऊन बहिणीला आकडा सांगायचा. तिच्या कळांची मोजणी एकीकडे, पाण्याची दुसरीकडे. शेवटी नर्स म्हणाली, “अहो मामा, एका जागी बसा, नाहीतर घरी जा.” नात जगात यायच्या आधीच तो मामा झाला आणि तेव्हापासून गल्लीत त्याला मामाच म्हणतात. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे बिचारा.

“हे लिहिलंत?” वहिनी कॅलेंडरच्या पानाकडे बघून घाबरल्या. “हे पाळण्यात घालणार?”

“हेच घालणार. चंद्र, चांदण्या, पऱ्या सगळ्यांच्या पाळण्यात असतात. पुलावर पाणी मोजणारा मामा तुमच्याच घरात आहे.”

तेवढ्यात मामा स्वतःच मागच्या दारात आला. गळ्यात गिटार. हा मुलगा रात्री गच्चीवर बसून तेच तीन स्वर छेडत असतो हे आमच्या घराला माहीत आहे, कारण आमची झोपायची खोली त्याच बाजूला आहे. तोही गाणी लिहितो. म्हणजे लिहिणार आहे.

“काकू, तुम्ही असं ऑर्डर घेतल्यासारखं कसं लिहिता? मला तर मूड लागला नाही तर शब्द येत नाही. आतून यायला पाहिजे ना काहीतरी!”

“आतून कधी आलं होतं शेवटचं?”

“बारावीत,” तो प्रामाणिकपणे म्हणाला.

“म्या सांगू का?” हा तिसरा आवाज पायरीवरून आला. वहिनींच्या सासूबाई, म्हणजे आता बाळाच्या पणजी, तिथे उन्हाला पाय सोडून बसल्या होत्या. माहेर जतच्या बाजूचं. ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर येतं. “जात्यावर बसलं की ववी सुचती. आदी सुचंल आन् मग बसू म्हनशील तर दळान तसंच ऱ्हाईल.”

मामाने गिटार खाली ठेवली. म्हण त्याने ऐकलेली होती. ती खरंच जात्याबद्दल आहे हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

पणजींना कुणी विचारलं की त्या थांबत नाहीत. पहाटे उठायचं, दोघी समोरासमोर बसायचं, खुंट्याला दोघींचे हात. जातं एकदा फिरायला लागलं की त्याची घरघर सुरू, त्या घरघरीत आपला श्वास आपोआप बसतो. पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, मग भावाला. भावाच्या ओव्या लांबत जायच्या. आणि नवऱ्याचं, सासूचं जे कुणाला तोंडावर बोलता येत नाही ते शेवटी, दळण संपत आलं की, हळूच जात्यात टाकायचं. “सासू शेजघरात जागीच असायची की,” पणजी म्हणाल्या. “ऐकायची. पर ववीला कसं भांडनार?”

मी मामाला सांगितलं, हे तुझ्या आजीचं एकटीचं नाही बरं. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या दोघांनी गावोगावच्या बायकांकडून अशा जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या एक लाखावर भरल्या. एक लाख! त्यातल्या बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. मूड हा शब्द एकीलाही माहीत नव्हता. काय होतं त्यांच्याजवळ? हाताला काम होतं, कामाला ठेका होता, समोर ऐकणारी एक बाई होती आणि मनात पुष्कळ साठलेलं होतं. तुझ्याकडे गिटार आहे, पण ऐकणारं कोण आहे?

“तुम्ही ऐकता ना रात्री,” तो म्हणाला. वहिनींनी त्याला डोळ्यांनी दटावलं.

“आणि त्या खानदेशातल्या बहिणाबाई,” मी पुढे रेटलं, “शेतकरीण बाई, अक्षरओळख नाही. घरात-शेतात काम करता करता म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव ते लिहून ठेवायचा. 1951 मध्ये त्या गेल्या. मग सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये पुस्तक आलं. आज तिकडे विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. सांगायचं ते एवढंच की त्या शेताच्या कामातून वेळ काढून कविता करायला वेगळ्या बसत नव्हत्या.”

“पण काकू, त्या सगळ्या जुन्या बायका. मोठे गीतकार असं करत नसतील. ते डोंगरावर वगैरे जात असतील.”

आता मात्र मला राहवलं नाही. अरे, ज्यांचं नाव घेतल्यावर कान पकडावेत ते गदिमा आपल्याच जिल्ह्यातले. जन्म 1919 चा, आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्याचा. त्यांचं गीतरामायण कसं झालं ठाऊक आहे? पुण्याच्या आकाशवाणीतले सीताकांत लाड त्यांच्या मागे लागले आणि दर आठवड्याला एक गाणं द्यायचं ठरलं. रामनवमीला, 1 एप्रिल 1955 रोजी पहिलं गाणं लागलं. शुक्रवारी सकाळी नवीन गाणं, शनिवारी-रविवारी तेच पुन्हा. वर्षाचे आठवडे 52 म्हणून गाणी 52 ठरलेली. त्या वर्षी पंचांगात निघाला अधिक महिना, रामनवमी लांबली आणि गाणी झाली 56. आतून आलं म्हणून चार वाढली नाहीत, पंचांगाने वाढवली!

“दर शुक्रवारी?” मामा म्हणाला. त्याला कॉलेजची सबमिशन आठवली असावी.

“दर शुक्रवारी. बाकी सिनेमाच्या कथा-पटकथा चालू होत्याच. आणि पहिल्याच गाण्याचा घोटाळा सांगतात. गदिमांनी लिहून दिलेला कागद बाबूजींकडून, म्हणजे सुधीर फडक्यांकडून, हरवला. प्रसारणाची वेळ ठरलेली. तेव्हा लाडांनी गदिमांना एका खोलीत कोंडलं, कागद-पेन दिलं आणि दार लावून घेतलं. पाव तासात गाणं पुन्हा तयार.”

“मलापण कोंडून बघा,” मामा म्हणाला.

“तुला कोंडला तर तू झोपशील,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना खात्री होती.

हसण्यावारी नेलं तरी त्यात फरक आहे, आणि तो मी त्याला सांगितला. गदिमांना पाव तास पुरला, कारण तो पाव तास रिकामा नव्हता. लहानपणापासून कानावर पडलेलं कीर्तन, ओव्या, तमाशा, संतांची वाणी असं सगळं आत भरून होतं. मागणी आली की ते बाहेर यायचं. कोठी भरलेली ठेवणं आपल्या हातात असतं. उघडायला लावणारा दुसरा कुणीतरी लागतो. माझी कोठी लहान, म्हणून मी आधी वहिनींना प्रश्न विचारते.

“आणि ऐकावं लागतं,” मी म्हटलं. “शान्ताबाई शेळके बघ. जन्म इंदापूरचा, समुद्र कुठल्या कुठे. पण कोळीगीतं अशी लिहिली की लोकांना वाटतं बाई होडीतच वाढल्या. दुसऱ्याच्या बोलीला कान लावल्याशिवाय ते होत नाही. आणि सिनेमाची काही गाणी तर त्यांनी डॉ. वसंत अवसरे या नावाने लिहिली.”

“पुरुषाच्या नावानं? का हो?” वहिनींना आता खरा रस आला.

“ते राहू द्या. तुमच्या मुलाला पाळण्याखाली नाव घालायची लाज वाटत असेल तर त्यानेही टोपणनाव घ्यावं, एवढंच.”

मामाने मान वर केली. “म्हणजे पाळणा मी लिहायचा?”

“दोघं मिळून. तू ठेका धर.”

तर आता वाचकांसाठी थोडी आतली गोष्ट, म्हणजे मी पाळणा कसा करते ती. मी शब्दांपासून सुरुवात करत नाही. रिकामा पाळणा हलवते. पाळणा हाताशी नसेल तर झोपाळ्यावर बसते. झोका पुढे चार, मागे चार, झाला आठ मात्रांचा केहरवा. सहा मात्रांचा दादराही पाळण्याला गोड लागतो, पण आमच्या गल्लीतल्या बायका दादऱ्यात एकमेकींच्या पुढे पळतात. मग तोंडाने काहीही बडबडायचं. कढीपत्ता, मेथीची जुडी, गॅसचा नंबर, जे येईल ते त्या ठेक्यात टाकायचं. सिनेमावाले चाल आधी तयार असली की असंच काहीबाही घालून म्हणतात, त्याला डमी म्हणतात. शिवणातला कच्चा टाकाच तो. पक्की शिलाई आली की उसवून टाकायचा.

मामाने अंगणात गिटारवर केहरवा धरला आणि मी कुंपणाला टेकून “मेथीची जुडी, दहाला दोन” गात होते तेव्हा कोपऱ्यावरून वकिलीणबाई गेल्या. त्यांनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत. म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं.

ठेका बसला की ध्रुवपद. कडवी नंतर. कारण कडवं मी एकटी म्हणणार आणि ध्रुवपद सगळ्या म्हणणार. ज्यांना चष्म्याशिवाय कागद दिसत नाही त्याही म्हणणार. म्हणून ध्रुवपदात सोपे शब्द, ओळीच्या शेवटी आ, ई, ए असा मोकळा स्वर. ‘पाऊस’ वर ओळ संपवली तर शेवटच्या ‘स’ वर लांबवणार काय? तिथे नुसता फुसका आवाज येतो. आणि बाळाचं नाव ध्रुवपदातच हवं.

इथे सगळं अडलं. नाव गुपित! नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या दुबईला. तिने सांगून ठेवलेलं, “बारशाआधी नाव फुटलं तर मी येणारच नाही.” आईलासुद्धा माहीत नाही. आता नाव न कळता नावाचं गाणं करायचं कसं?

मी म्हटलं, फोन लावा. वहिनींनी लावला. “अगं आत्याबाई,” मी म्हटलं, “नाव सांगू नकोस. मात्रा सांग.”

“काय सांगू?”

“अक्षरं किती?”

“…दोन.”

“शेवटी काना की वेलांटी?”

तिकडे जरा शांतता. बहुतेक बोटाने हवेत लिहून बघत असावी. “काना.”

“दुसरं अक्षर जोडाक्षर आहे?”

“आहे. आता पुरे हं काकू, एवढ्यात ओळखाल तुम्ही.”

फोन ठेवला. मला हवं ते मिळालं होतं. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन. पुढे जोडाक्षर आलं की आधीच्या ऱ्हस्वावर आघात पडतो आणि त्याच्याही दोन होतात. म्हणजे दोन अक्षरं, दुसरं जोडाक्षर, शेवटी काना : दोन आणि दोन, मात्रा चार. गाण्यात तेवढी जागा मोकळी ठेवायची. नाव कुठलंही येऊ दे, बसणार.

वहिनी मात्र अस्वस्थ. “दिव्या असेल? पूर्वा? अहो ताई, ईर्षा नसेल ना? हल्ली लोक अर्थ बघत नाहीत, नुसतं वेगळं पाहिजे म्हणतात.”

“ईर्षा असली तरी चार मात्राच आहेत,” मी धीर दिला.

मग ध्रुवपद झालं ते असं :

नीज गं ——, वारा गाई
झोका देते कृष्णामाई

प्रत्येक ओळीत आठ आणि आठ, सोळा मात्रा. ‘गं’वर अनुस्वार आहे, पंडित त्याच्या दोन मोजतील. पण आपण बोलताना तो निसटता बोलतो, म्हणून मी एकच धरते. गाण्यात जीभ म्हणेल ते खरं.

पुढची कडवी मामाने आणि मी मिळून केली. पाण्याचं कडवं त्याचंच :

पाणी मोजत बसला मामा
भाची म्हणते, आले, थांबा

‘मामा’ला ‘थांबा’ हे यमक कच्चं आहे, हे त्यालाही कळलं. त्याने ‘कामा’, ‘नामा’, ‘जामा’ सगळं लावून पाहिलं. यमक पक्कं झालं आणि भाची गायब झाली. मी म्हटलं, ‘थांबा’च ठेव. आयुष्यातला पहिला हुकूम मामाला सोडतेय ती. यमकापायी खरी गोष्ट सोडायची नाही. आणि गाताना ‘मा’ आणि ‘बा’ दोन्ही ओठ मिटूनच येतात, कानाला खपतं.

दुसरं कडवं स्वयंपाकघरातलं :

मिक्सर वाजे, दचके राणी
पणजी गाते जुनीच गाणी

‘मिक्सर’ बघून वहिनी म्हणाल्या, “पाळण्यात मिक्सर?” पणजी म्हणाल्या, “जात्याची ववी चालती, मग मिक्सर का न्हाई चालायचा?” यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

मध्येच मामाने फोनमधलं एक यंत्र चालवून बघितलं. बाळाचा पाळणा पाहिजे म्हणून टाइप केलं आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत बारा कडवी हजर. मात्रा जरा इकडेतिकडे, पण चंद्र, तारे, इवली पावलं, स्वप्नांचं गाव, सगळं व्यवस्थित. त्याने पणजींना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, “कुनाची रं ही पोर?” त्याने फोन खिशात घातला.

आता सगळ्यात अवघड भाग. छंद, यमक वगैरे सोपं हो. अवघड असतं नावांचं राजकारण. पाळण्यात कुणाचं नाव आलं आणि कुणाचं राहिलं यावर पुढची दहा वर्षं बोलणी होतात. आईकडचे आजी-आजोबा आले की बापाकडचे आलेच पाहिजेत, आणि आधी आले पाहिजेत. मावशीला अर्धी ओळ दिली तर काकूला पाऊण देऊन चालत नाही. आत्याला स्वतंत्र कडवं. एका बारशाला मी एका चुलत आजोबांना ‘इत्यादी’ मध्ये टाकलं होतं, ते लग्नात भेटले तेव्हा म्हणाले, “नमस्कार, मी इत्यादी.” तेव्हापासून मी आधी दोन्हीकडच्या माणसांची यादी मागवते आणि प्रत्येकाला नावाऐवजी काम देते. एक अंगडं शिवतो, एक काजळ घालते, एक दुबईहून विमानाने येते. नुसती नावं जोडली की हजेरीपट होतो. काम दिलं की माणूस दिसतो, आणि ज्याला काम मिळालं तो रुसत नाही.

सगळं मिळून नऊ कडवी झाली होती. चारच ठेवली. मामाला पाचही गेलेल्यांचं वाईट वाटलं, विशेषतः त्याने गिटारचं एक घातलं होतं त्याचं. पण पाळण्यातलं मूल किती वेळ गप्प पडून राहतं आणि बायका किती वेळ एका पायावरून दुसऱ्यावर होत उभ्या राहतात, त्यावर गाण्याची लांबी ठरते. गिटारचं कडवं भाचीला नव्हतं, मामालाच होतं.

शेवटची परीक्षा आमच्या भांडीवाल्या मावशींची. त्यांना मी गाणं शिकवत नाही. त्या भांडी घासत असताना नुसतं तीनचारदा मोठ्याने म्हणते. दुसऱ्या दिवशी त्या आपणहून गुणगुणल्या तर गाणं पास. जिथे अडखळतात तिथे चूक त्यांची नसते, शब्द बदलायचा. ‘निद्रिस्त’ असा एक शब्द मामाने हौसेने घातला होता. मावशींनी तो सरळ ‘निजली’ करून म्हटला आणि तेच बरोबर होतं. संपादक फुकट मिळतो, फक्त ऐकून घ्यायची तयारी पाहिजे.

ध्रुवपद चालीत बसतंय का बघायला मामाने ते गाऊन घरच्या ग्रुपवर टाकलं, नावाच्या जागी “ला ला” म्हणून.

बारशाच्या दिवशी पाणी पार खाली गेलेलं. आत्या आली, पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि सरळ होऊन नाव जाहीर केलं, “कृष्णा!” बायकांनी तिच्या पाठीत रिवाजाप्रमाणे धपाटे घातले, मामाने ठेका धरला आणि आम्ही सुरू केलं :

नीज गं कृष्णा, वारा गाई
झोका देते कृष्णामाई

नदी आणि नदीच्या नावाची पोर एका झोक्यात आली. लोकांना वाटलं मला आधीपासून ठाऊक होतं. वहिनी शपथ घेऊन सांगतात की घरातून नाव फुटलं नाही. आत्या म्हणते, नाव पहिल्यापासून हेच होतं. पण तिची जाऊ माझ्या कानात म्हणाली की परवापरवापर्यंत दिव्या ठरलं होतं, ग्रुपवर गाणं ऐकलं आणि बदललं. खरं काय ते आत्या जाणे. वकिलीणबाई मात्र घुगऱ्या घेता घेता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “कृष्णाच नाव होतं तर आमच्या पुस्तकातला पाळणा चालला असता की!” कुणीच काही बोललं नाही. व्याही तर अजिबात नाही.

मामाला आता पुढचं काम आलंय. त्यांच्या कॉलेजातला एक शिपाई निवृत्त होतोय, त्याचं गाणं. परवा तो स्वतःच कागद घेऊन त्या माणसाला प्रश्न विचारत बसला होता असं वहिनी सांगत होत्या. मूडचं काही निघालं नाही.

तेव्हा तुमच्याकडे बारसं, डोहाळजेवण, साठी-शांत काही निघालं तर छापील पुस्तक आणायला जाऊ नका. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा. जे ऐकाल ते लिहून घ्या, त्यातलं तुमच्याच घरात घडू शकलं असतं तेवढं ठेवा. ध्रुवपद आधी करा, ओळीचा शेवट मोकळ्या स्वरावर आणा, नावाची जागा मोकळी ठेवा आणि चार कडव्यांवर थांबा. पहिलं गाणं ओबडधोबड होईल, होऊ द्या. माणसं बारशाला घुगऱ्या खायला येतात. यमक चुकलं म्हणून उठून गेलेलं मी अजून कुणी पाहिलेलं नाही.